हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लस आणि उंधेरा गावचा प्रयोग

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात डॉ. आकासिओ व्हिएगश या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. रोग्यांना रुग्णालयात हलविणे, घरे धुऊन काढणे आणि संशयितांना अलग ठेवणे एवढेच उपाय त्या वेळी शासनाच्या हाती होते. त्यांतील सक्तीमुळे लोक रोगी लपवू लागले. अशा स्थितीत ऑक्टोबरमध्ये वाल्डेमार हाफकिन हे जंतुशास्त्रज्ञ मुंबईस आले.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळंकृत करतात हे दाखविणारे मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ग्रंथपालाचे काम करीत असताना त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ पासून ते हिंदुस्थानात पटकीच्या टोचणीचे काम करीत होते.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील थोड्याशा जागेत त्यांची प्रयोगशाळा सुरू झाली. प्लेगचे जंतू मांसरसात वाढवावयाचे, ते तरंगावर धरावेत म्हणून रसावर तुपाचे थेंब सोडावयाचे, भरपूर वाढ झाल्यावर उष्णता देऊन जंतू मारावयाचे, अशी त्यांची रीत होती. मेलेला जंतू रोग उत्पन्न करीत नाही. परंतु त्याची ओळख पटून शरीर प्रतिकाराची तयारी करते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी हीही लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. टोचणीच्या दिवशीच आजारी असलेले वगळता, लस घेतलेल्यांपैकी दोघांना प्लेग झाला व दोघेही वाचले. न घेतलेल्यांपैकी बारा जणांना झाला व सहा दगावले.

तथापि तुरुंगावरून गावाचा अंदाज कसा बांधावा? शिवाय स्वखुशीने लस घेणारा मनुष्य मुळातच अधिक सावध असतो, त्याचे श्रेय लसीला का द्यावे, ही शंकाही रास्त होती. तिचे उत्तर बडोद्याजवळच्या उंधेरा गावी मिळाले. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे घरोघरची माणसे यादीप्रमाणे बोलावण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्यांना लस देण्यात आली. वय, प्रकृती व लिंग यांच्या दृष्टीने दोन्ही गट शक्यतो सारखे ठेवण्यात आले. एकच छप्पर, एकच अन्न, तेच उंदीर. फरक फक्त टोचणीचा. साथ ओसरल्यावर घरोघर चौकशी झाली. २८ कुटुंबांत रोग शिरला होता. त्या कुटुंबांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ मरण पावले. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व त्यांपैकी २६ मरण पावले. लस अभेद्य कवच नव्हती, हेही याच आकड्यांतून दिसते. निम्म्यांना वगळणे आज कठोर वाटेल. पण लसीचा गुण तेव्हा सिद्ध व्हावयाचा होता, आणि गावकऱ्यांना सांगण्याजोगा पुरावा याहून सोपा नव्हता.

ऑगस्ट १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. लाखो मात्रा तयार होऊ लागल्या. मग ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल येथे १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांतील १९ जण धनुर्वाताने मेले. हे सर्व एकाच बाटलीतून टोचलेले होते; त्याच दिवशीच्या इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काहीही झाले नाही. चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेकडे वळविला आणि हाफकिन यांना पद सोडावे लागले. मात्र बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरण्यात आला होता, ही नोंद कागदपत्रांतच होती. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आधीपासून वाढत असते तर ती उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हा पुरावा मांडला. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त ठरले व पुन्हा हिंदुस्थानात आले; पण त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली, मुंबईची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. १९२५ साली तिला ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव देण्यात आले, तेव्हा ते युरोपात निवृत्त जीवन जगत होते. १९३० साली लोझान येथे त्यांचे निधन झाले.