एका ओळीची कॉमेंट



रामघाटावर सिंहस्थाचे स्नान २०१६ साली झाले. पुढचे वर्ष पायथॉनमध्ये असे काढता येईल (आकडे मात्र इंग्रजीत टाइप करावेत):

वर्ष = २०१६ + १२ # गुरू सिंह राशीत परत येण्याचा अंदाजे काळ

# या चिन्हानंतरचा मजकूर संगणक सोडून देतो. तो माणसासाठी असतो. ओळ संपली की कॉमेंटही संपते. जावामध्ये यासाठी // वापरतात.

"बारा मिळवले" असे लिहू नये, ते दिसतेच. बाराच का, ते लिहावे. गुरूची सूर्यप्रदक्षिणा सुमारे ११.८६ वर्षांची आहे. म्हणूनच हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ मध्ये, अकरा वर्षांनी आला. कारण लिहिलेले असेल, तरच पुढचा वाचणारा बाराचा आकडा तपासून पाहील.

गृहपाठ: आपल्या एका प्रोग्रॅममधील प्रत्येक आकड्यापुढे त्याचे कारण लिहून आणा.