अश्वयुगातील पशुचिकित्सा : शालिहोत्रापासून पशुवैद्यकापर्यंत

बुलडाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे राजमाता जिजाबाईंचे जन्मस्थान म्हणून साऱ्या महाराष्ट्राला वंदनीय आहे. लखुजी जाधवरावांच्या काळी सरदाराची योग्यता त्याच्या पदरी असलेल्या स्वारांवरून मोजली जात असे. याच जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामउल्मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात निर्णायक लढाई झाली आणि दख्खनच्या सत्तेचे भवितव्य ठरले. अशा लढायांच्या वर्णनांत स्वारांचा पराक्रम येतो. परंतु ज्यांच्यामुळे घोडा चालता राहिला त्या नालबंदाचा आणि अश्ववैद्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. आजच्या पशुवैद्यकाचे मूळ मात्र बऱ्याच अंशी त्यांच्याच कामात आहे.

पागेची व्यवस्था

शिवछत्रपतींच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असे, ही माहिती सभासद बखरीत मिळते. पाणी आणि नाल या दोन गोष्टींवर फौजेची गती अवलंबून आहे, हे त्या व्यवस्थेने अचूक ओळखले होते. बारगिराचा घोडा सरकारी, तर शिलेदाराचा स्वतःचा. घोडा मेला की शिलेदाराच्या चरितार्थावरच घाला पडे.

मोगल पागेची रचना अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त नोंदविली आहे. ज्या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचे व लोणारचे वर्णन आहे, त्याच ग्रंथात घोड्यांचा वैद्य, नालबंद, साईस, पाणी भरणारा, इतकेच नव्हे तर दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा सेवकही पागेच्या नोकरवर्गात गणला आहे. औषध आणि धुरी एकाच पागेत नांदत होती, हे त्या युगाचे यथार्थ चित्र होय.

शालिहोत्र आणि सलोतरी

भारतीय अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्र ऋषींपासून सांगितली जाते. नकुलाच्या नावावर असलेला अश्वशास्त्रविषयक ग्रंथ आणि जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ हे याच परंपरेतील होत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर चिकित्सकाची जबाबदारीही ठरवून दिली आहे. उपचारातील दोषामुळे रोग बळावल्यास खर्चाच्या दुप्पट दंड, आणि जनावर दगावल्यास त्याच्या किमतीइतका दंड, असा तो नियम होता.

हे शास्त्र पुढे फारसीत गेले. अशाच एका फारसी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. ‘शालिहोत्र’ या नावावरूनच घोड्यांच्या वैद्याला ‘सलोतरी’ म्हणू लागले आणि इंग्रजी फौजेनेही हाच शब्द स्वीकारला.

हत्यारे आणि उपचार

सलोतरी व नालबंद यांची हत्यारे मोजकीच असत. ऐरण, हातोडी, सांडशी, कानस आणि खूर तासण्याची सुरी ही नालबंदाची सामग्री. खुराचे बाहेरचे कवच शिंगासारखे निर्जीव असते. खिळा त्या कवचातूनच गेला पाहिजे. तो किंचित आत वळला तर जिवंत भागाला इजा होऊन घोडा लंगडतो. ही कला हाताला सवयीनेच येत असे. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याला अखंड नाल चालत नाही, प्रत्येक अर्ध्या खुराला वेगळी पत्री ठोकावी लागते. पत्री मारणारा कारागीर हा त्या नालबंदाचाच वारसदार होय.

घोडा स्थिर राहावा म्हणून त्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास घालून तो काठीने पिळीत. औषध पाजण्यासाठी तिरकस कापलेली वेळूची नळी वापरीत. नळी चुकली तर औषध श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसाला सूज येई. गाई-बैलांना बाटलीने औषध पाजताना हाच धोका आजही संभवतो.

नश्तराने मानेची शीर उघडून रक्त काढणे आणि तापलेल्या लोखंडाने डाग देणे हे दोन उपचार युरोपात आणि हिंदुस्थानात सारखेच रूढ होते. पायाची शीर सुजली की डाग देत आणि त्यानंतर घोड्याला विश्रांती मिळे. गुण विश्रांतीचा असे, श्रेय मात्र डागाला जाई.

यांपैकी पुष्कळसे ज्ञान अनुभवाने पारखलेले होते. दमून आलेल्या घोड्याला हळूहळू फिरवून थंड करणे, चंदी बेताने देणे, रोज खरारा करताना अंगावरून हात फिरवून सूज व जखम शोधणे हे नियम आजही खरे आहेत. घोड्याला ओकारी होत नाही. म्हणून अवेळी किंवा अधिक दिलेली चंदी पोटशूळ होऊन त्याचा प्राण घेऊ शकते.

न दिसणारा शत्रू

परंतु जो रोग हाताला व डोळ्याला सापडत नाही त्यापुढे ही सारी हत्यारे निष्प्रभ ठरत. ‘सर्रा’ या रोगाने घोडे व उंट झिजून मरत. १८८० मध्ये डेरा इस्माईलखान येथे ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने आजारी जनावरांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे परजीवी जंतू पाहिले. चावणाऱ्या माशांमार्फत पसरणाऱ्या या रोगावर डागणीचा उपयोग होणे शक्यच नव्हते. पुण्यात १८८९ मध्ये इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली आणि तेथे लिंगार्ड यांनी सर्राचा अभ्यास केला. पुढे ही संस्था मुक्तेश्वर येथे नेण्यात आली. परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे, तर नागपूरचे १९५८ चे. ज्या विद्येचा प्रारंभ फौजेच्या घोड्यासाठी झाला ती अशा रीतीने शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत आली.

ग्लँडर्स हा घोड्यांचा दुसरा भयंकर रोग. तो माणसालाही होतो. त्यासाठी १८९९ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता. हा रोग इतिहासजमा झालेला नाही; २००६ मध्ये महाराष्ट्रातील घोड्यांत तो पुन्हा आढळला.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

घोड्यांच्या फौजा गेल्या. तथापि मेंढपाळांची तट्टे, वीटभट्ट्यांवरील गाढवे, लग्नातील घोडे आणि गोठ्यातील बैल आजही आपल्यात आहेत आणि डागणीची प्रथाही काही ठिकाणी शिल्लक आहे. २०२२ मध्ये लम्पी चर्मरोग महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा लसीकरण, आजारी जनावर वेगळे बांधणे आणि माश्या-गोचिडांचे निर्मूलन हेच खरे उपाय ठरले. डाग देण्यात गेलेला दिवस हा रोगाला मिळालेला एक दिवस असतो.

२००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने जुन्या ग्लँडर्स कायद्याची जागा घेतली. अनुसूचित रोगाचा संशय येताच त्याची खबर देण्याची जबाबदारी या कायद्याने पशुमालकावर टाकली आहे आणि ती नजीकच्या पशुवैद्यकापर्यंत पोहोचविण्याच्या व्यवस्थेत ग्रामपंचायतीलाही स्थान दिले आहे. सरपंच व सदस्यांनी दवाखान्याचा आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकाचा फलक पंचायतीच्या भिंतीवर लावावा. शिक्षकांनी हा विषय विद्यार्थ्यांना समजावून द्यावा. मुलांनी घरी सांगितलेली गोष्ट गोठ्यापर्यंत लवकर पोहोचते.

सलोतऱ्याची दक्ष नजर आणि नालबंदाचा कसबी हात यांचा वारसा आपण जतन केलाच पाहिजे. तापलेले लोखंड मात्र इतिहासाच्या स्वाधीन करून वेळेवर खबर देण्याची सवय गावोगावी रुजवावी, यातच पशुधनाचे आणि पर्यायाने शेतकऱ्याचे हित आहे.