‘झोपता कधी?’ आणि ‘डोळा कधी लागतो?’ : प्रश्नावलीचे भाषांतर व वैधता

लघुप्रकल्प करताना आपण बऱ्याचदा इंग्रजी प्रश्नावली घेतो, तिचं मराठी करतो आणि गावात फिरून भरून आणतो. एवढ्यावर काम का भागत नाही, ते आज झोपेच्या प्रश्नावलीवरून समजून घेऊ.

दोन प्रसिद्ध प्रश्नावल्या

१) पिट्सबर्ग निद्रा गुणवत्ता निर्देशांक (१९८९) : गेल्या एका महिन्याच्या झोपेबद्दल व्यक्तीने स्वतः उत्तर द्यायचे १९ प्रश्न. एकूण गुण ० ते २१. ५ पेक्षा जास्त गुण म्हणजे झोपेची गुणवत्ता कमी.

२) एपवर्थ निद्राळूपणा मापनी (१९९१) : ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी तयार केली. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर अशा ८ प्रसंगी डुलकी लागण्याची शक्यता किती, हे विचारतात. एकूण गुण ० ते २४. १० च्या वर गुण गेले तर दिवसा झोप जास्त येते असे मानतात.

एका शब्दाने गुण कसे बदलतात?

पिट्सबर्गमध्ये अंथरुणावर जाण्याची वेळ आणि प्रत्यक्ष झोपेचे तास वेगवेगळे विचारतात. त्यावरून झोपेची कार्यक्षमता काढतात :

प्रत्यक्ष झोपेचे तास ÷ अंथरुणावरचे तास × १००

आता मराठीत ‘झोपणे’ म्हणजे आडवे होणे आणि झोप लागणे, दोन्हीही. समजा, परभणीजवळच्या एखाद्या गावात तुम्ही विचारलं, “मावशी, रात्री किती वाजता झोपता?” मावशी रात्री १० ला अंथरुणावर पडतात, डोळा लागतो ११:३० ला, मध्ये अर्धा तास जाग येते आणि सकाळी ६ ला उठतात. म्हणजे प्रत्यक्ष झोप ६ तास.

• मावशींनी ‘१०’ सांगितले तर : ६ ÷ ८ × १०० = ७५ टक्के, गुण १.
• ‘११:३०’ सांगितले तर : ६ ÷ ६.५ × १०० = सुमारे ९२ टक्के, गुण ०.

बाई तीच, रात्र तीच, पण गुण वेगळे! दुसऱ्या उत्तरात त्यांचा दीड तासाचा त्रास या हिशोबातून गायबच झाला. म्हणून प्रश्न असा हवा : “अंथरुणावर किती वाजता पडता?” आणि त्यानंतर वेगळा, “डोळा लागायला किती वेळ जातो?”

ही अडचण फक्त मराठीची नाही. स्पॅनिशमध्ये ‘सुएन्यो’ या एकाच शब्दाचे झोप, पेंग आणि स्वप्न असे तिन्ही अर्थ होतात. शिवाय स्पॅनिश सुमारे वीस देशांत बोलली जाते, त्यामुळे स्पेनमधली आवृत्ती सगळीकडे जशीच्या तशी चालत नाही. पेरू देशात गाडी न चालवणाऱ्यांचा विचार करून एपवर्थची बदललेली आवृत्ती तपासण्यात आली.

शब्दांबरोबर प्रसंगही बदलावे लागतात

एपवर्थमध्ये ‘कार रहदारीत काही मिनिटे थांबली असताना’ असा प्रसंग आहे. जिंतूर किंवा पालम तालुक्यातल्या ज्या शेतकऱ्याचा प्रवास एसटीने नाहीतर मोटारसायकलने होतो, तो यावर काय सांगणार? ‘दारू न पिता जेवणानंतर शांत बसल्यावर’ हा दुसरा प्रसंग. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थेट विचारला तर तिथेच बोलणं संपायचं!

आणखी एक गोष्ट. शेतीची लाईट पाळीपाळीने दिवसा आणि रात्री येत असेल, तर हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्रभर शेतात असतो. त्याला ‘महिन्यातल्या बहुतेक रात्री’ म्हणजे कोणत्या रात्री? झोप येत नाही आणि झोपायला मिळत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाखत घेणाऱ्याने हा फरक नोंदवलाच पाहिजे.

भाषांतराच्या पायऱ्या

१) मूळ प्रश्नावलीच्या हक्कधारकांची परवानगी घेणे.
२) दोघांनी स्वतंत्रपणे मराठी भाषांतर करणे आणि दोन्ही जुळवून एक मसुदा करणे.
३) मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या व्यक्तीकडून मसुद्याचे उलट इंग्रजी भाषांतर.
४) डॉक्टर, भाषातज्ज्ञ आणि भाषांतरकार यांनी एकत्र बसून फरक तपासणे.
५) ३० ते ४० लोकांवर पूर्वचाचणी. उत्तर तर घ्यायचंच, पण “या प्रश्नातून तुम्हाला काय समजलं?” हेही विचारायचं.

उलट भाषांतरावर पूर्ण भरवसा ठेवू नका. ‘किती वाजता झोपता?’ याचे इंग्रजी पुन्हा बरोबर येऊ शकते. चूक सापडते ती पाचव्या पायरीवर.

विश्वसनीयता आणि वैधता

विश्वसनीयता : परिस्थिती बदलली नसताना काही दिवसांनी पुन्हा विचारले तरी गुण जवळपास तेच येणे.
वैधता : जे मोजायचे तेच मोजले जाणे. त्यासाठी प्रश्नावलीचे गुण डॉक्टरांची तपासणी किंवा रात्रभराची निद्रा चाचणी यांच्याशी ताडून पाहतात.

काटा रोज दोन किलो जास्तच दाखवत असेल तर तो विश्वसनीय आहे, पण वैध नाही.

लक्षात ठेवा : प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. पण ती चुकीची असेल, तर ज्याला डॉक्टरांकडे पाठवायला हवं तोच माणूस ‘ठीक आहे’ म्हणून घरी राहतो.

स्वाध्याय

१) थकवा, आळस, पेंग, डुलकी, गुंगी यांतील फरक प्रत्येकी एका वाक्यात लिहा.
२) एपवर्थमधील कारच्या प्रसंगाऐवजी तुमच्या गावाला लागू पडेल असा प्रसंग सुचवा.
३) घरातील तिघांना “किती वाजता झोपता?” असे विचारा. त्यांनी कोणत्या अर्थाने उत्तर दिले, ते नोंदवा.