एक मत वाया जातें काय?

निवडणुकीचा पाठ चालला असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "जो पक्ष निवडून यावयाचाच, त्याच्या विरुद्ध मत देऊन उपयोग काय?" या प्रश्नाचें उत्तर चुकल्यास लोकशाहीचा पायाच ढांसळेल, म्हणून तें आपण इतिहासांत शोधूं.

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ सालीं झाली. निरक्षर मतदारांची सोय व्हावी म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिजवर त्याचें चिन्ह लाविलेलें असे. काँग्रेसचें चिन्ह बैलजोडी होतें. लोकसभेच्या ४८९ जागांपैकीं ३६४, म्हणजे शेंकडा सुमारें ७४ जागा काँग्रेसला मिळाल्या. मतें मात्र शेंकडा ४५ च्या आसपासच पडलीं! हें कसें घडलें? समजा, एका मतदारसंघांतील शंभर मतें तिघां उमेदवारांत ४५, ३० व २५ अशीं वांटलीं गेलीं. ज्यास सर्वांहून अधिक मतें तो विजयी, या नियमानें पहिला निवडून येतो आणि ५५ मतें पराभूतांच्या पदरीं राहतात. तात्पर्य, जागांचें बहुमत व मतांचें बहुमत या दोन गोष्टी भिन्न होत.

आतां आपल्या जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगराकडे वळूं. १९५७ सालीं काँग्रेसनें देशांत ४९४ पैकीं ३७१ जागा जिंकल्या. परंतु त्याच वर्षीं अहमदनगर मतदारसंघानें र. के. खाडिलकर यांस व कोपरगांव मतदारसंघानें बापू चंद्रसेन कांबळे यांस लोकसभेंत पाठविलें. दोघेही काँग्रेसचे नव्हते. त्या वेळीं राज्य द्वैभाषिक होतें, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनें लोकांच्या मनांत घर केलें होतें. दिल्लींतील सरकार बदललें नाहीं. परंतु जनतेचें मन तेथपर्यंत पोंचलें. पुढें १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य स्थापन झालें. १९६२ सालीं याच दोन्ही मतदारसंघांनीं काँग्रेसचे उमेदवार निवडून दिले. मतदारानें आंधळी निष्ठाही ठेविली नाहीं व वैरही धरिलें नाहीं.

तेव्हां त्या विद्यार्थ्यास आमचें उत्तर असें: हरलेलें मतही मोजलें जातें, आणि मोजलेली संख्या सत्ताधाऱ्यांस वाचावी लागते. जें मत दिलेंच नाहीं, तेंच खरोखर वाया जातें.

विद्यार्थीमित्रहो, अठरावें वर्ष पुरें होतांच हा अधिकार तुमच्या हातीं येईल. त्या दिवशीं कोण जिंकणार हें शेजाऱ्यास विचारूं नका. कोण योग्य हें स्वतःच्या मनास विचारा.