बेटावरचा बोआ सांभाळताना : सहा अनुभव

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर कॅरिबियन समुद्रात कायोस कोचिनोस नावाचा बेटांचा पुंजका आहे. दोन डोंगराळ बेटे आणि भोवती तेरा चिमुकली बेटे, एवढाच त्याचा पसारा. तिथला फिकट गुलाबी झाक असलेला साप जगभर ‘हॉग आयलंड बोआ’ म्हणून ओळखला जातो. अनेक जण त्याला उपजात म्हणतात. शास्त्राने मात्र त्याला तसे वेगळे नाव दिलेले नाही. तो बोआ इम्पेरेटर या जातीचा बेटावर घडलेला प्रकार आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी तो हजारोंनी पकडला गेला आणि बेटांवर दिसेनासा झाला. मी अमेरिकेत बरीच वर्षे या बोआंची पैदास सांभाळतो आहे. त्यातून जे पटले ते सांगतो.

१. आधी वंशावळ पाहा, मग साप.
कोणत्या नर-मादीचे पिल्लू, त्यांचे आईबाप कुठून आले, याची नोंद नसलेला बोआ कितीही देखणा असला तरी या प्रकाराच्या जतनासाठी उपयोगाचा नाही. मुख्य भूमीवरच्या बोआंशी याचा सहज संकर होतो आणि व्यापारात तो झालाही. एकदा रक्त मिसळले की नुसत्या डोळ्यांनी ते ओळखण्याची खात्री नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक सापाची स्वतंत्र वही आहे आणि पिल्लाबरोबर तिची प्रत जाते.

२. कमी भरवा.
हा बोआ मुळात ठेंगणा. मुख्य भूमीवरच्या मोठ्या माद्यांच्या मानाने याची मादी पुष्कळ लहान राहते. बेटावर सरडे, पक्षी, उंदीर जे मिळेल त्यावर भागवायचे आणि मध्ये लांब उपास काढायचे, अशी त्याची घडण आहे. माझ्या प्रौढ मादीला तीन-चार आठवड्यांतून एक बेताचा उंदीर पुरतो. लवकर वाढवून लवकर विकण्यासाठी ठासून भरवलेले साप लठ्ठ होतात आणि त्यांचे आयुष्य घटते. मादी चार वर्षांची होईपर्यंत मी जोडी लावत नाही.

३. रंगाच्या मागे लागू नका.
हा साप दिवसा गडद आणि रात्री फिकट होतो. एकाच सापाची दुपारची आणि मध्यरात्रीची छायाचित्रे शेजारी ठेवली तर दोन वेगळे साप वाटावेत! त्यामुळे एका नजरेत रंगावरून किंमत ठरवणे व्यर्थ आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, फक्त सर्वांत फिकट पिल्लेच पुढच्या पैदाशीला ठेवली तर आधीच थोडक्या सापांपासून आलेला वंश आणखी आखडतो. मी प्रत्येक वेतातली साधी दिसणारी पिल्लेही मागे ठेवतो.

४. नवा साप वेगळ्या खोलीत.
बोआंमध्ये एक विषाणूजन्य आजार असतो. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला आयबीडी म्हणतात. त्यावर इलाज नाही आणि बाधित बोआ वर्षानुवर्षे ठणठणीत दिसू शकतो. नवा साप निदान सहा महिने वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळे चिमटे यांवरच राहतो आणि त्याची विषाणू तपासणी होते. माइट नावाचे बारीक रक्तपिपासू जीव एका पेटीतून दुसरीत जातात, म्हणून वेगळ्या खोलीतल्या सापांचे काम सर्वांत शेवटी.

५. वेत एका घरात ठेवू नका.
बोआ अंडी घालत नाही. सुमारे चार महिने गाभण राहून मादी थेट जिवंत पिल्ले देते. दरवर्षी वेत घेतले तर ती खंगते, म्हणून मध्ये विसावा हवाच. झालेली पिल्ले मी नोंदी ठेवणाऱ्या निरनिराळ्या पाळणाऱ्यांकडे पाठवतो. आग, आजार किंवा वीज जाणे, एका घरावरचे संकट साऱ्या वंशावर येता कामा नये.

६. पेटी म्हणजे बेट नव्हे.
आमच्या पेट्यांमध्ये हा साप टिकला, याचा मला आनंद आहे. पण त्याचे खरे पुनरागमन पेटीतून झाले नाही. १९९३ साली होंडुरासने या बेटांना संरक्षण दिले, २००३ मध्ये ती सागरी नैसर्गिक स्मारक झाली. तस्करी थांबवायला पहारा बसला. पुढच्या सर्वेक्षणांत बोआंची संख्या सावरताना दिसली. अनेक हात फिरलेला, कदाचित विषाणू वाहणारा साप बेटावर सोडणे म्हणजे सावरलेल्यांच्या घरात रोग नेणे. पाळणाऱ्याचे काम वंश शुद्ध ठेवण्याचे. प्रकार जगवण्याचे काम बेटाचे आणि तिथल्या पहाऱ्याचे.

महाराष्ट्रातल्या वाचकांना एवढेच सांगतो. आपले मांडूळही बोआंच्याच गोतातले. तेही पिल्लेच देते, तेही सावकाश वाढते, आणि शेतातले उंदीर खाऊन आपले भले करते. गुप्तधनाच्या खुळापायी ते वजनावर विकले जाते. त्याला कायद्याचे संरक्षण आहे. पकडणे, पाळणे, विकणे हा गुन्हा आहे. कोणी मांडूळ विकायला काढले तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.