मायेची साथ

(लहान मूल दम्याने आजारी पडले, की डॉक्टर औषध देतात आणि परिचारिका शुश्रूषा करतात. अशा वेळी घरच्या माणसांनी काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

दम म्हणजे श्वास. हा शब्द मराठीत आहे, तसाच उर्दूतही आहे. ज्या आजारात श्वास अपुरा पडतो, त्याला दोन्ही भाषांत दमा म्हणतात.

आपल्या छातीत श्वासाच्या बारीक नळ्या असतात. दम्यात या नळ्यांना आतून सूज येते, त्यांचे स्नायू आवळले जातात आणि आत चिकट कफ साचतो. मग श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. लहान मुलांच्या नळ्या मुळातच अरुंद असतात. म्हणून थोडी सूजही त्यांना जड जाते. सर्दी, धूळ, धूर, पावसाळ्यात भिंतींवर येणारी बुरशी यांमुळे दमा उसळतो.

ठाणे, कल्याण, डोंबिवली ही दाट वस्तीची शहरे. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय ही तेथील महापालिकांची रुग्णालये. अशाच एखाद्या रुग्णालयात चार वर्षांचा एक मुलगा दम्याने दाखल झाला आहे, अशी कल्पना करा.

मुलाच्या तोंडावर मास्क लावायचा आहे. त्यातून औषधाचे बारीक तुषार छातीत जातात. पण मुलगा घाबरतो, मास्क ढकलतो आणि रडू लागतो. रडल्यामुळे औषध नीट आत जात नाही आणि दम आणखी लागतो. परिचारिका त्याच्यावर रागावत नाही. ती आईला म्हणते, “ताई, याला मांडीवर घ्या. पाठ सरळ राहू द्या. मास्क तुम्हीच धरा. कसा धरायचा, ते मी दाखवते.”

अम्मीचा ओळखीचा आवाज ऐकून मुलगा हळूहळू शांत होतो. परिचारिका त्याचे श्वास मोजते. या वयात एका मिनिटात ४० किंवा त्याहून जास्त श्वास होत असतील, तर श्वास जलद आहे असे समजतात. बोटाला छोटे यंत्र लावून ती प्राणवायूचे प्रमाणही पाहते. आई जवळ असली, तरी ही जबाबदारी परिचारिकेचीच असते. ती आईला एक गोष्ट बजावून सांगते, “मूल एकदम सुस्त झाले, तर बरे वाटले असे समजू नका. लगेच मला हाक मारा.”

पूर्वी इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाला फार थोडा वेळ भेटू देत. मुले रडून रडून गप्प होत. लोकांना वाटे, मूल रुळले. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढला आणि तिचे दुःख सर्वांना दाखवले. पुढे १९५९ साली तेथील प्लॅट समितीने शिफारस केली, की आईवडिलांना मुलाला केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलाजवळ आईला राहू द्यावे.

आपल्याकडे आई बहुधा मुलाजवळ राहतेच. पण नुसते उशाशी बसणे वेगळे आणि शुश्रूषेला हातभार लावणे वेगळे.

घरी जाण्याआधी परिचारिका सगळ्यांना जवळ बोलावते. स्पेसर नावाच्या पोकळ नळकांड्याला पंप जोडून औषध कसे द्यायचे, ते ती दाखवते. मग अम्मीला म्हणते, “आता तुम्ही मला करून दाखवा.” दादी काळजीने विचारते, “पंपाची सवय तर लागणार नाही ना?” परिचारिका उत्तर देते, “नाही, आजी. औषध थेट श्वासनळ्यांत जाते, म्हणून थोडेच पुरते. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते बंद करू नका.” घरात विडी ओढायची नाही, असे अब्बा कबूल करतात. डासांची धुराची वळी आणि अगरबत्तीही मुलाजवळ लावायची नाही, असे ठरते.

सूचनांचा कागद मराठीत असतो. अम्मीला उर्दू वाचता येते, मराठी येत नाही. नववीत शिकणारी थोरली बहीण तो मोठ्याने वाचते आणि अम्मीला उर्दूत समजावते. ओठ निळसर झाले, बोलता किंवा खाता येईना, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाऊ लागली, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक रुग्णालय गाठावे, असे त्यात लिहिलेले असते. या ओळी ती वहीत उर्दूत उतरवते आणि तो कागद घरी दाराजवळ चिकटवते. रात्री-अपरात्री गरज पडली, तर आता घरातील कोणीही तो वाचू शकेल.

शब्दार्थ
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
तुषार – पाण्याचे किंवा औषधाचे अगदी बारीक थेंब
रुळणे – सवय होणे
हातभार लावणे – मदत करणे
तडक – लगेच, सरळ

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दम्यात श्वासाच्या नळ्यांना काय होते?
(आ) प्लॅट समितीने कोणती शिफारस केली?
२. कारणे लिहा.
(अ) परिचारिकेने मुलाला आईच्या मांडीवर दिले.
(आ) बहिणीने सूचना उर्दूत लिहिल्या.
३. वाक्यात उपयोग करा : दम लागणे, हातभार लावणे.
४. उपक्रम : जवळच्या दवाखान्यातील एक मराठी सूचना वहीत उतरवा. तिचा अर्थ घरी उर्दूत समजावून सांगा.