उथळ पाण्यालाही मान दे

चि. मुक्ता,


आपल्याकडची माणसं अंदमानला जातात, सेल्युलर जेलपुढे हात जोडतात, राधानगरच्या किनाऱ्यावर फोटो काढतात आणि परततात. तू हॅवलॉकला मुक्काम टाकून स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स करणार, हे ऐकून बरं वाटलं. (2018 पासून ते स्वराज द्वीप, माझ्या तोंडी जुनंच नाव बसलंय.)

"दहा मीटर तर खोली, त्यात काय," असं सांगून तू ताईला गप्प केलंस म्हणे. ती गप्प बसली असेल, मी बसणार नाही. प्रमाणात बघितलं तर अंगावरचा दाब सगळ्यात झपाट्याने बदलतो तो याच पहिल्या दहा मीटरांत. तिथे तो वरच्या दुप्पट होतो. पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटर गाठावे लागतात. दहा मीटरवर छातीभर श्वास घेऊन तो रोखून वर आलीस, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटतं. पोहण्याच्या तलावाइतक्या खोलीतही हे घडू शकतं. म्हणून श्वास कधीच रोखायचा नाही. घाबरलीस, मास्कमध्ये पाणी शिरलं, तरी नाही. कान दुखायची वाट न बघता मीटरामीटराला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मार. सर्दी असेल त्या दिवशी सरळ किनाऱ्यावर बस, भरलेले पैसे बुडाले तरी. आणि अंगठा वर केलास तर इन्स्ट्रक्टर तुला वर घेऊन येईल. "झकास" सांगायची खूण वेगळी आहे, ती आधी शीक.

आता प्रवाळाबद्दल. उथळ पाण्यात तो तुझ्या गुडघ्यांच्या आणि फिन्सच्या अगदी जवळ असतो. घुमटासारखा वाढणारा प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट आपल्या पणजीच्या वयाचा, आणि त्यावरचा जिवंत थर जेमतेम काही मिलिमीटरचा. तिथे हात टेकायचा नाही, गुडघे फक्त वाळूवर. कमरेला वजन गरजेपेक्षा जास्त बांधू देऊ नकोस. तरंगणं श्वासावर सांभाळ: सावकाश भरलास की अंग किंचित वर येतं, सोडलास की खाली जातं. हे जमेपर्यंत कॅमेरा हातात घेऊ नकोस. हा माझा हट्ट समज. कॅमेरा आला की नवख्या माणसाला पायांचं भान राहत नाही. त्यापेक्षा कान दे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो तो आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो.

काही ठिकाणी पांढरा पडलेला किंवा शेवाळलेला सांगाडा दिसेल. समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसाच राहिला की प्रवाळ आपल्या अंगातलं, त्याला पोसणारं सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. अंदमानात 2010 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पाणी निवलं तर सावरतो; म्हणून त्यालाही धक्का नको. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा पिशवीत टाकू नकोस, वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. सनस्क्रीन थापण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घे.

परतीच्या विमानाचं तिकीट अजून काढलं नसशील तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान 18 तास मोकळे ठेव. काढलं असेल आणि तेवढा वेळ उरत नसेल, तर तो शेवटचा डाइव्ह सोडून दे.

तुझा,
मामा